विसावा कोणाचा?

‘माझा रविवार’ असा शब्दप्रयोग आपल्या तोंडी सहज येतो. सहा दिवस राबल्यावर सातवा दिवस आपल्या मालकीचा झाला. मग तो झोपेत घालवावा, पाहुण्यांत घालवावा की सहलीत घालवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न, अशी आपली समजूत असते. आमचीही होती. सकाळी मिस्सेला जाऊन आलो की देवाचा वाटा देवाला पोचला, उरलेला दिवस आमचा, इतका सोपा हिशेब आम्ही आयुष्यभर मांडीत आलो. या हिशेबात एक मोठी रक्कम मांडायची राहून गेली आहे, हे आमच्या ध्यानात आले ते सोलापूरपासून हजारो मैल दूर, अटलांटिक महासागरातील एका बेटावर, आणि तेही आम्ही काहीही न करता बसलो होतो अशा दिवशी.

आमची कन्या नोकरीनिमित्त ग्लासगो शहरी असते. तिच्याकडे आम्ही उभयता गेलो असता तिने आम्हांस स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटाची सफर घडविली. सोलापूरकरांना विमानाचे अप्रूप मोठे. होटगी रस्त्यावरील आमच्या विमानतळाच्या वाटेत साखर कारखान्याची उंच चिमणी येत असे. ती १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, आणि ९ जून २०२५ रोजी पंख्यांचे एक लहान विमान येथून गोव्याकडे उडाले, तेव्हा ते पाहावयास माणसे रस्त्यावर उभी होती. तशाच पंख्यांच्या लहान विमानात बसून आम्ही ग्लासगोहून स्टॉर्नोवे या लुईसमधील मुख्य गावी उतरलो. खाली करडा समुद्र, मधूनच एखादे ओसाड बेट, आणि तासाभराच्या आत समोर काळसर दलदलीची झाडाविना पसरलेली भूमी. ५८ अंश उत्तरेला असलेल्या त्या बेटावर उन्हाळ्यात रात्री दहा वाजताही उजेड असतो. आमच्या नकाशावर सोलापूर १७ अंशांच्या पुढे थोडेसे; म्हणजे जगाच्या किती वर येऊन पोचलो होतो, याची वाचकांना कल्पना यावी.

शनिवारी आम्ही कॅलनिश येथील सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळा पाहिल्या. सोमवारी परतीचे विमान. मधला रविवार मोकळा होता. या दिवशीही काही पाहून घ्यावे, खर्च करून इतक्या दूर आलो आहोत तर दिवस फुकट जाऊ नये, असा आमचा बेत होता. पण हा बेत शनिवारी संध्याकाळीच मोडला.

ज्या वृद्ध बाईंच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बटाटे सोलीत बसल्या होत्या. सोलून झालेले बटाटे त्यांनी पाण्यात घालून ठेवले, मोठ्या पातेल्यात मांसाचा नि भाज्यांचा रस्सा करून ठेवला आणि आम्हांस नम्रपणे सांगितले, की उद्या घरात काही शिजणार नाही. हेच गरम करून आपण सगळे खाऊ. आम्ही मान डोलावली. पण खोलीत आल्यावर आमच्या मुखातून शब्द निघालेच, ‘रविवारचे भाडे मात्र पुरते घेतले आहे!’ कन्येने आम्हांस गप्प केले.

घरामागे एक शेड होती, आणि तिच्यातून येणारा आवाज आमच्या कानांना ओळखीचा होता. तो मागाचा आवाज होता. सोलापुरातील पूर्व भागात ज्याचे बालपण गेले त्याला तो झोपेतही ओळखता यावा. बाईंचे धाकटे बंधू तेथे ‘हॅरिस ट्वीड’ नावाचे लोकरी कापड विणीत होते. या कापडाची रीत मोठी लक्षणीय आहे. १९९३ साली ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यानुसार, या बेटसमूहातील विणकराने आपल्या राहत्या जागी, हातमागावर विणलेल्या कापडालाच हे नाव लावता येते. गिरणीतून रंगविलेले सूत विणकराच्या घरी येते, विणलेले कापड गिरणीकडे परत जाते, आणि विणकराला मोबदला मिळतो तो कापडाच्या मापाने. आमच्याकडील घरमागाच्या विणकराला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. त्या शनिवारी माग रात्री उशिरापर्यंत चालला होता. बारा वाजण्याच्या आत तो थांबला. धोटा अर्ध्या कापडावर तसाच राहिला. सोमवारी सकाळी आम्ही विमानतळाकडे निघालो तेव्हा तो पुन्हा सुरू झालेला होता.

लुईसच्या रविवारची कीर्ती ग्लासगोमध्येही आमच्या कानी आली होती. तेथील बहुसंख्य लोक प्रेस्बिटेरियन पंथाचे, आणि प्रभूचा दिवस पाळण्याविषयी अत्यंत कडक. रविवारी तेथे पहिले प्रवासी विमान उतरले ते २००२ साली. पहिली रविवारची नियमित बोट सुटली १९ जुलै २००९ रोजी. त्या दिवशी धक्क्यावर काही माणसे निषेधार्थ प्रार्थना करीत होती आणि इतर अनेक माणसे आनंदाने टाळ्या वाजवीत होती. स्टॉर्नोवेमधील मोठे दुकान रविवारी उघडू लागले ते तर २०२४ च्या नोव्हेंबरात. विरोध करणारांस आम्ही पूर्वग्रहाने केवळ कर्मठ समजत होतो. परंतु त्यांचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे. बोट म्हणजे केवळ बोट नव्हे, असे ते म्हणतात. बोट आली की दोर धरणारा आला, तिकीट फाडणारा आला. उतारू उतरले की त्यांच्यासाठी हॉटेलातील वाढपी आला, दुकानातील मुलगी आली, गाडी हाकणारा आला. एका प्रवाशाच्या मोकळ्या दिवसासाठी किती जणांचा मोकळा दिवस खर्ची पडतो, हे मोजा आणि मग बोट सोडा.

रविवारी सकाळी आम्ही पायी चालत गावातील लहानशा कॅथोलिक चर्चमध्ये मिस्सेला गेलो. (याच बेटमालिकेत दक्षिणेकडे बॅरा आणि साउथ उइस्ट ही कॅथोलिक बेटे आहेत, बॅरामध्ये लहान विमान ओहोटीच्या वेळी चक्क समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरते.) परत आलो तो सारे गाव निःशब्द. दुपारी गरम केलेला शनिवारचा रस्सा पुढे ठेवून यजमानीण बाई आमच्या समोर बसल्या. त्यांना सोलापूरविषयी कुतूहल होते. आमच्याकडेही घरोघर माग असतात, आमच्या चादरी नि टॉवेल दूरवर जातात, हे ऐकून त्या हरखल्या. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, ‘आज रविवार. तुमच्या घरी आज भांडी कोण घासते?’

आम्ही उत्तर दिले, की एक बाई कामाला येतात. ‘रविवारीसुद्धा?’ आम्ही सांगितले, रविवारी थोड्या लवकर येतात. कारण रविवारी आमच्याकडे पाहुणे असतात.

हे वाक्य बोलून झाल्यावर ते आपले आपल्यालाच ऐकू येते, तसे आम्हांस ऐकू आले. यजमानीण बाई पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताटल्या गोळा करून एका बाजूला झाकून ठेवल्या; त्या सोमवारी धुवायच्या होत्या.

त्या लांबलचक, उजेडी संध्याकाळी आम्ही पवित्र शास्त्र उघडले. शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी येते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेले असतो. निर्गमाच्या पुस्तकात तिचे कारण सृष्टीचे आहे: परमेश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात मात्र कारण निराळे आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता याची आठवण ठेवा. पहिल्या कारणाविषयी आम्ही अनेक प्रवचने ऐकली आहेत, दुसऱ्याविषयी थोडी. आणि तेथे जी यादी दिली आहे ती आम्ही कितीदा वाचली असेल, पण मोजली नव्हती. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरे, आणि वेशीच्या आत राहणारा परका. दास आणि दासी यांनाही मालकासारखाच विसावा मिळावा, हा हेतू तेथे उघड शब्दांत मांडला आहे. म्हणजे आज्ञा केवळ ‘तू थांब’ एवढीच नाही. ‘तुझ्या शब्दावर जे राबतात त्यांना थांबू दे’ अशी आहे. आपला विसावा खरा की खोटा, याची परीक्षा आपल्या अंथरुणावर होत नाही; ती आपल्या मोरीपाशी होते.

आमच्या सहचारिणीने ती यादी पुन्हा वाचली आणि म्हटले, ‘यात बायकोचे नाव नाही.’ आम्ही हसलो, पण तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. आज्ञेतील ‘तू’ या शब्दात ती सामावलेली आहे, असे शास्त्रज्ञ सांगतील. पण आपल्या धर्मग्रामातील घरांत रविवारचे मटण कोण शिजवते आणि मिस्सेहून आल्यावर सर्वांत आधी साडी खोचून ओट्यापाशी कोण उभी राहते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

या विचारात असताना आम्हांस आमच्या मुलखातील एक जुनी रीत आठवली. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचे गाव. बाराव्या शतकातील या शिवशरणांनी लोकांचे हात लावून तळे खोदविले. शरणांच्या परंपरेत श्रम म्हणजे ‘कायक’, आणि कायक हीच पूजा. श्रमाला इतके उंच स्थान देणाऱ्या या भूमीत विसाव्याला काय स्थान असेल, असे वाटावे. पण याच कर्नाटक सीमेवरील अनेक गावांत सोमवारी बैल जुंपीत नाहीत. नंदीचा वार म्हणून औत त्या दिवशी बांधावर राहते. पाऊस पडून वाफसा आलेला असला, शेजारचा पुढे जात असला, तरी बैलाचा वार हा बैलाचा. मोशेच्या आज्ञेतील बैल आणि आमच्या माणदेशी-कानडी शिवेवरील बैल यांची कधी गाठ पडली नसेल. तथापि दोन्ही ठिकाणी माणसाने एक गोष्ट ओळखली, की ज्याला बोलता येत नाही त्याचा विसावा मालकाच्या मर्जीवर सोडू नये. तो वार ठरवून टाकावा.

बोलता येणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र अधिक कठीण ठरली. १८७७ साली सोलापुरात जुनी मिल सुरू झाली. पुढे आणखी मिला आल्या आणि भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर झोपणारे एक शहर तयार झाले. त्या काळी गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. ती मिळविण्यासाठी महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे झटले. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० च्या एप्रिलात मुंबईत हजारो कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे तो बहुजन कामगारास परकाही नव्हता. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आणि त्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. मालक आणि मजूर यांच्यातील प्रत्येक करारात, तसे लिहिलेले असो वा नसो, देहाच्या नि आत्म्याच्या योग्य विसाव्याची अट गृहीत धरलीच पाहिजे, असे त्यांनी तीत शिकविले. म्हणजे मजुराने स्वतः होऊन ‘मला सुट्टी नको’ म्हटले तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. लोखंड्यांनी मुंबईत जे मिळविले आणि पोपमहाशयांनी रोममध्ये जे सांगितले, त्यांत वर्षाचेही अंतर नाही, ही गोष्ट आपल्या वर्गांतून मुलांना अवश्य सांगावी.

ज्या रविवारी आम्ही निवांत मिस्सेला जातो तो रविवार अशा रीतीने कोणीतरी झगडून मिळविलेला आहे. पण तो सर्वांना मिळाला काय? कायद्यातील सुट्टी भोंग्याच्या आत राहिली. सोलापूरच्या मोठ्या मिला एकामागून एक बंद पडल्या आणि काम पुन्हा घराघरांत गेले. आमच्या शहरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. कुंभारी येथे २००६ साली गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत झाली, यावरून त्यांच्या संख्येचा अंदाज यावा. पाने भिजवावयाची, कातरावयाची, तंबाखू भरून वळावयाची, दोरा बांधावयाचा. आणि मजुरी हजार विड्यांमागे. येथे भोंगा नाही, पाळी नाही, म्हणून सुट्टीही नाही. थांबावेसे वाटले तर कोणी अडवीत नाही. फक्त जितके थांबाल तितके उणे मिळेल. लुईसचा विणकरही मापावरच मोबदला घेतो, मग तो रविवारी कसा थांबतो? आमच्या मते याचे उत्तर त्याच्या एकट्याच्या धर्मनिष्ठेत नाही. त्या दिवशी त्याच्या शेजाऱ्याचाही माग थांबलेला असतो, हे ते उत्तर. एकट्याने पाळलेला विसावा म्हणजे तोटा; सर्वांनी मिळून पाळलेला विसावा म्हणजे सण.

लुईसची रीत जशीच्या तशी उचलावी, असे आम्ही सुचवीत नाही. त्या बेटावर एके काळी मुलांच्या बागेतील झोके रविवारी साखळदंडाने बांधून ठेवीत. झोका घेणाऱ्या मुलाने कोणाचा विसावा हिरावला? येशूने शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे केले, खड्ड्यात पडलेल्या मेंढराचा दाखला दिला आणि शब्बाथ हा माणसासाठी आहे, हे ठणकावून सांगितले. परिचारिकेने रविवारी रुग्णाच्या उशाशी बसू नये असे कोण म्हणेल? आमचे धर्मगुरू तर आठवड्यातील सर्वांत जास्त श्रम रविवारीच करतात. प्रेमाने केलेली सेवा आणि गरजेपोटी विकत घेतलेली सेवा यांत अंतर आहे. पण ‘शब्बाथ माणसासाठी आहे’ या शिकवणीचा आपण फार सोयीस्कर अर्थ लावतो. तिथे ‘माणूस’ म्हणजे ‘मी’ असे आपण धरून चालतो. मोरीपाशी बसलेली बाई हीही माणूसच आहे, आणि शब्बाथ तिच्यासाठीही आहे, हे लक्षात येत नाही.

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख शोभून दिसला असता. पण घरी आल्यावर जे घडले तेही वाचकांना सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

सोलापूरला परतताच आमच्या सहचारिणीने कामाच्या बाईंना सांगितले, की यापुढे रविवारी येऊ नका. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ‘काय चुकलं का वो ताई माझं?’ असे त्यांनी विचारले. काही चुकले नाही, सुट्टी घ्या, असे म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, ‘मग खाडा धरणार काय?’ खाडा धरणार नाही, पगार पुरता मिळेल, हे त्यांना दोनदा सांगावे लागले. दहा वर्षे त्या आमच्याकडे येत आहेत. आमच्या शब्दात विसाव्याचा अर्थ त्यांना ऐकू आला नाही, हकालपट्टीचा ऐकू आला. यात दोष त्यांच्या कानांचा नव्हता.

पहिल्या रविवारी आम्ही सर्वांनी मिळून भांडी घासली. मोठे समाधान वाटले. सोमवारी बाई आल्या तेव्हा सहचारिणीने कौतुकाने विचारले, ‘काल काय केलंत?’ त्या आनंदाने म्हणाल्या, ‘लई बरं झालं ताई, पाचशे विड्या जास्त वळल्या.’

आमचे समाधान तेथेच गळून पडले. आम्ही त्यांना विसावा दिला नव्हता. फक्त आमच्या घरचे काम काढून घेतले होते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांची गरज येऊन बसली होती. एका घराने रविवार सोडून दिल्याने कोणाचा रविवार होत नाही. त्यांच्या लेकीची फी, घराचा हप्ता, हजारी मजुरीचा दर, या सर्वांनी मिळून तो दिवस आधीच गहाण ठेवला आहे. तो सोडविणे आमच्या एकट्याच्या ऐपतीबाहेरचे आहे. लोखंड्यांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी एकेका मालकाचे मन वळवीत न बसता सर्वांसाठी एक वार मागितला.

मग आमचा खटाटोप व्यर्थ काय? तसेही वाटत नाही. बैलाला सोमवार देणारा शेतकरी, बैलाने त्या दिवशी काय करावे, याची विचारपूस करीत नाही. त्याने जू उतरविले, त्याचे काम झाले. आमच्या हाती जे जू होते ते आम्ही उतरविले. उरलेली जी आहेत ती कोणाच्या हाती आहेत, हे विचारण्याचा अधिकार निदान आता आम्हांस आला. आमच्या धर्मग्रामात मिस्सेनंतर घोळक्याने उभे राहून आपण इतक्या गोष्टी बोलतो. आपापल्या घरी रविवारी कोण राबते आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाते की नाही, एवढी एक गोष्ट बोलण्यास कोणती अडचण आहे? दहा घरांनी तो वार सोडला तर एका गल्लीत त्याची कुजबुज होईल. गल्लीत झाली तर शेजारच्या मोहल्ल्यात होईल.

परवाच्या रविवारी आम्ही काही निमित्ताने बाईंच्या वस्तीकडून जात होतो. दाराशी सूप होते, सुपात कातरलेली पाने होती. बाई मात्र दिसल्या नाहीत. त्यांची लेक उंबऱ्यात अभ्यास करीत बसली होती. आम्ही विचारले, आई कुठे आहे? तिने ओठांवर बोट ठेवले आणि हळूच म्हणाली, ‘झोपलीय.’

आम्ही आवाज न करता पुढे निघालो.